जन्मठेप म्हणजे 14 वर्षे?

‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षे, दिवस-रात्र वेगळे मोजले तर सातच!’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. गैरसमज होणं साहजिक आहे, कारण 14 हा आकडा कायद्यात खरंच आहे. फक्त त्याचा अर्थ उलटा आहे.

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. राज्य सरकार शिक्षेत सूट देऊ शकतं, पण ती आपोआप मिळत नाही. पूर्वी सूट लवकर मिळे, म्हणून 1978 मध्ये बंधन आलं: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते (खून त्यातलाच), त्यात जन्मठेप झालेल्याला 14 वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडायचं नाही. राष्ट्रपती-राज्यपालांचा माफीचा अधिकार वेगळा. म्हणजे 14 ही किमान अट, सुटकेची तारीख नव्हे.

दिवस-रात्रीचा हिशोब तर कुठेच नाही. वर्ष कॅलेंडरनेच मोजतात.

पडताळायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 475 वाचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तेच 433-अ होतं. खुन्याला आयुष्यभर कोंडणं न्याय्य का, यावर जरूर भांडावं. मला स्वतःला सुटकेचा विचार तरी व्हावा असं वाटतं. पण ‘14 वर्षांत सुटतोच’ म्हणून फाशी मागणाऱ्याचा आधारच चुकीचा आहे.