ऊस, म्हैस आणि मधल्या पायऱ्या

शेती वाढली की गरिबी हटते, या म्हणण्याला जागतिक बँकेच्या 2008 च्या जागतिक विकास अहवालानं आकड्याचं बळ दिलं. शेतीतली वाढ इतर क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा निदान दुप्पट परिणामकारक ठरते; चीनच्या बाबतीत तर साडेतीनपट. पण चीनमध्ये 1978 नंतर सामूहिक शेती मोडून जमीन कुटुंबांकडे कसायला गेली होती, हे आकडा सांगताना बहुतेक जण विसरतात. पीक वाढण्याआधी बरंच काही व्हावं लागतं.

कोल्हापुरात ते बाजारापासून सुरू झालं. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली आणि गुळाला हक्काची पेठ मिळाली. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. पाण्याची ओढ तिथूनच लागली असावी. 1909 च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. पैशाअभावी काम रखडलं, महाराज 1922 मध्ये गेले आणि धरण पुरं व्हायला 1950 चं दशक उजाडलं.

धरणाइतकाच मोठा वाटा साध्या बंधाऱ्याचा आहे, असं माझं मत. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायचे, पुढचा पाऊस यायच्या आत काढायचे. पाणी नदीच्या पात्रातच साठतं, त्यामुळे जमीन फारशी बुडत नाही. हाच 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' पुढे राज्यभर गेला. मात्र अडवलेलं पाणी माळावर चढवायला मोटर आणि पाइपलाइन लागते, आणि एकट्या दोन एकरवाल्याला ते परवडत नाही. म्हणून गावोगाव सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या. सोसायटीचं कर्ज काढायचं, ते उसाच्या बिलातून वजा व्हायचं. या साखळीशिवाय पंचगंगेकाठचा हिरवा पट्टा दिसला नसता.

जमिनीचा प्रश्न कायद्यानं हलला. मुंबई कूळकायदा 1948 चा; 1 एप्रिल 1957 ला कसणारं कूळ मालक मानलं गेलं. ज्यांची कागदावर नोंदच नव्हती, ती कुळं मात्र राहिली ती राहिलीच. त्याच दशकात सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले. पंचगंगा कारखान्यामागे रत्नाप्पा कुंभार होते, वारणेला तात्यासाहेब कोरे.

पण उसाचा पैसा जमीनवाल्याकडेच जातो. तो बिगरजमीनवाल्याच्या दारात आला म्हशीच्या पाठीवरून. 1963 मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं 'गोकुळ', स्थापन झाला. दूध घालायला सातबारा लागत नाही. बांधावरचं गवत आणि हंगामात उसाचं वाडं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, एवढ्यावर एक म्हैस निभते. बिल दर दहा दिवसांनी निघतं, आणि बऱ्याच घरांत ते बाईच्या हाती पडतं. ऊसबिलाची वाट महिनोनमहिने पाहणाऱ्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही.

ऊस तोडतो कोण, हे मात्र या कहाणीच्या कडेला राहतं. बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे येतात, मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन. संध्याकाळी टोळीतली बाई वाड्याच्या मोळ्या विकते. ते वाडं ज्या गोठ्यात जातं, तिथलं बिल दहा दिवसांनी निघतं. तिची उचल मुकादमाच्या वहीत पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, फिटत असते, आणि न फिटलेली पुढच्या हंगामावर जाते.