टोकन नाकारलं, पण कशामुळे? पायथनमधल्या टोकन एररची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये पायथन शिकणाऱ्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. टोकन (लॉगिननंतर मिळणारा, प्रत्येक विनंतीबरोबर पाठवायचा डिजिटल पास) तपासताना काहीही बिघडो, सगळ्याला मिळून एकच ‘एक्सेप्ट’ (एरर पकडणारा कोडचा भाग) आणि एकच उत्तर: पुन्हा लॉगिन करा. मला हे खटकतं, कारण या एररना वेगवेगळी नावं मिळायला बरीच वर्षं लागली आहेत.

1996 च्या एचटीटीपी 1.0 मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या संवादाच्या नियमांत, 401 आणि 403 हे नकाराचे कोड होते. ओळख पटली नाही तर 401. आणि लॉगिन करूनही उपयोग नाही, असा नकार म्हणजे 403. तेव्हा विनंतीबरोबर पासवर्डच जायचा. पुढे एका अ‍ॅपला दुसऱ्या साइटवरची आपली माहिती हवी असली की त्यालाही पासवर्ड द्यावा लागे. यावर तोडगा म्हणून 2007 मध्ये ओऑथ आलं: पासवर्डऐवजी टोकन द्यायची पद्धत. ऑक्टोबर 2012 मध्ये ओऑथ 2.0 बरोबर आरएफसी 6750 हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज निघाला आणि त्यात तीन एरर ठरल्या: विनंतीच चुकीची असेल तर 400, टोकन अवैध किंवा मुदत संपलेलं असेल तर 401, टोकनला तेवढे अधिकारच नसतील तर 403.

मे 2015 मध्ये जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) हा टोकनचा प्रकार प्रमाणित झाला. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या पासपोर्टसारखंच हे टोकन आपली मुदत आणि खरेपणाची खूण (डिजिटल सही) स्वतःबरोबर घेऊन फिरतं. देणाऱ्याला विचारायची गरज नाही, म्हणून सगळी भिस्त सहीवर आणि घड्याळावर.

सहीचा घोळ 2015 मध्येच उघड झाला. टोकनच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या भागात) सहीचा अल्गोरिदम ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असं लिहिलं की काही लायब्ररी बिनसहीचं टोकन खरं मानत होत्या! 2020 च्या अखेरीस आलेल्या पायजेडब्ल्यूटी 2.0 ने (पायथनची जेडब्ल्यूटी लायब्ररी) टोकन डीकोड करताना, म्हणजे उलगडताना, अल्गोरिदम सांगणं सक्तीचं केलं.

घड्याळाचा घोळ आपल्याकडे जास्त चावतो. ‘यूटीसीनाऊ’ने यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, घेऊन त्यावर ‘टाइमस्टँप’ (वेळ सेकंदांत बदलणारं फंक्शन) चालवलं, की पायथन ती वेळ स्थानिक समजतो. भारतीय वेळेवरच्या लॅपटॉपवर उत्तर साडेपाच तासांनी, म्हणजे 19,800 सेकंदांनी मागे पडतं. तासाभराच्या मुदतीचं टोकन बनतानाच साडेचार तास शिळं! तोच कोड यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर बिनतक्रार चालतो, त्यामुळे चूक सापडता सापडत नाही. 2023 च्या पायथन 3.12 मध्ये ‘यूटीसीनाऊ’ कालबाह्य ठरवलं गेलं. टाइमझोनसकट वेळ घ्यावी, हेच खरं.

मुदत संपली असेल तर रिफ्रेश टोकन (नवं टोकन मिळवण्यासाठीच दिलेलं वेगळं टोकन) वापरून नवं टोकन घ्यावं, माणसाला त्रास देऊ नये. सही जुळत नसेल तर मुकाट्याने नवं टोकन देणं धोक्याचं; तिथे लॉगमध्ये नोंद हवीच. आणि 403 वर लॉगिनचं पान दाखवणं म्हणजे माणसाला उगाच फिरवत ठेवणं. पायजेडब्ल्यूटीमध्ये ‘एक्सपायर्ड-सिग्नेचर-एरर’ हा ‘इनव्हॅलिड-टोकन-एरर’चाच उपवर्ग आहे (मोठ्या वर्गाचा ‘एक्सेप्ट’ यालाही पकडतो), तेव्हा तो आधी पकडायचा, क्रम उलटा झाला तर मुदतीसाठी लिहिलेला भाग कधी चालतच नाही.