झोपेत दात का खाल्ले जातात?

हे वाचताना क्षणभर थांबा आणि बघा: वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील, तर जबडा विनाकारण राबतोय. ओठ मिटलेले, जबडा सैल आणि दातांच्या दोन ओळींमध्ये २ ते ४ मिलिमीटर फट, ही त्याची विश्रांतीची अवस्था. दात भेटायचे ते घास चावताना आणि आवंढा गिळताना.

जागेपणी जबडा आवळला जातो तो बहुधा ताणात किंवा एकाग्रतेत. आवाज होत नाही, त्यामुळे माणसाला पत्ताच नसतो. रागाने दातओठ खाणं हा नुसता वाक्प्रचार नाही, स्नायू खरोखर तेच करत असतात.

झोपेतलं दात खाणं वेगळं. पूर्वी दोष वेड्यावाकड्या दातांना दिला जाई; आता कळलंय की याची सुरुवात मेंदूत होते. झोप हलकी असताना मेंदू काही सेकंदांपुरता जागेपणाकडे झुकतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ गालातला चावण्याचा स्नायू तालात आकसू लागतो. करकर ऐकू येते ती शेवटी, तीही दरवेळी नाही. दारू, सिगारेट, जास्त कॉफी आणि नैराश्यावरची काही औषधं यांमुळे हे वाढू शकतं. म्हणून औषध मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांशी बोलायचं.

शांत झोपलेल्या लेकराच्या तोंडून खडे घासल्यासारखा आवाज आला की आईवडिलांच्या काळजात चर्र होतं. जंत झाले असतील म्हणून औषध दिलं जातं, पण जंतांमुळे मुलं दात खातात असा ठोस पुरावा नाही. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप सुटते. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न: मूल घोरतं का? तोंडाने श्वास घेतं का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी वाढून श्वास अडत असेल, तर आधी त्याकडे बघायला हवं. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

मोठ्यांचे दात मात्र पुन्हा येत नाहीत. दातांवरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यात जवळपास ९६ टक्के खनिज असतं. जिवंत पेशी नसल्यामुळे झिजलेलं इनॅमल भरून येत नाही. सकाळी कानशिलं ठणकणं, जबडा जड वाटणं, गार पाण्याने दात शिवशिवणं, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे दिसणं, यांतलं काही वारंवार होत असेल तर दंतवैद्य गाठा. ते मापाचं कवच बनवून देतात, रात्री दातांवर बसवायचं. त्याने दात खाणं थांबेलच असं नाही, पण झीज कवचाची होते, दातांची नाही.

दिवसाचं आवळणं मात्र आपल्या हातात आहे. कानशिलांवर बोटं ठेवून दात दाबून बघा. बोटांखाली टरारून येणारा स्नायू लगेच जाणवेल. आता जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला अलगद टेकवा, ओठ मिटा, दात सुटे ठेवा. तोच स्नायू बोटांखाली मऊ पडतो.