मोरपीस का धुऊन गेलं? सब्लिमेशन छपाई आणि कापडाची निवड

आमच्या चाळीच्या गोविंदा पथकाने एका वर्षी सब्लिमेशन छपाईचे टी-शर्ट करून घेतले. छातीवर मोठं मोरपीस, पाठीवर प्रत्येकाचं नाव. घामाला बरं म्हणून आम्ही हट्टाने पांढरं सुती कापड निवडलं होतं. रंग पहिल्यापासून जरा फिकेच वाटत होते. गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने टी-शर्ट बादलीत भिजवला, तर पाणी निळसर झालं. दोन धुण्यांत मोरपिसाची नुसती सावली उरली. शाई चांगली होती, मशीनही नीट चाललं होतं. चुकलं होतं ते कापड.

सब्लिमेशन म्हणजे संप्लवन, घन पदार्थाचा द्रव न होता थेट वायू होणं. डबीतला कापूर उडून जातो, कपाटातल्या डांबरगोळ्या झिजत जातात, ते हेच. या छपाईसाठी डिस्पर्स जातीचे, म्हणजे पाण्यात सहज न विरघळणारे आणि तापवले की असाच वायू होणारे रंग वापरतात. चित्र आधी कागदावर उलटं छापतात. तिथे ते इतकं मळकट दिसतं की काहीतरी बिघडलंय असंच वाटावं. मग कागद कापडावर पालथा घालून हीट प्रेसमध्ये साधारण २०० अंश सेल्सिअसला पाऊण ते एक मिनिट दाबतात. कागद उचलला की खाली रंग झळझळीत उमटलेले असतात. मी कितीतरी वेळा पाहिलंय, तरी तो क्षण मला अजून आवडतो.

त्या मिनिटभरात काय होतं? पॉलिस्टरचा धागा म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्या. एरवी त्या एकमेकींना घट्ट बिलगून असतात. तापमान ७०-८० अंशांच्या पुढे गेलं की त्या हलू लागतात आणि २०० अंशांपर्यंत त्यांच्यात भरपूर फटी पडतात. धागा वितळतो मात्र २५५-२६० अंशांच्या आसपास, म्हणून कापड शाबूत राहतं. रंगाचा वायू त्या फटींतून आत शिरतो. कापड थंड झालं की साखळ्या पुन्हा जवळ येतात आणि रंग आतच अडकतो. त्यामुळे अशा छपाईवरून बोट फिरवलं तर काहीच लागत नाही, तडे जात नाहीत, पापुद्रे निघत नाहीत.

सुताचा स्वभावच वेगळा. ते सेल्युलोजचं, पाण्यावर प्रेम करणारं. डिस्पर्स रंग पाण्याशी फटकून राहणारे. सुतात त्यांना मुरायला जागाच मिळत नाही, ते वरवर बसतात आणि साबणाबरोबर निघून जातात. हे रंग मुळात १९२०च्या दशकात ॲसिटेट रेयॉनसाठी तयार झाले, कारण त्या धाग्यावर जुने रंग चढेनात. १९४१मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा काढला आणि या रंगांना हक्काचं घर मिळालं. आपल्या घरांत तोच धागा टेरिलीन आणि टेरिकॉट होऊन आला.

आता मंगलदास मार्केटात किंवा दादरला कापड घ्यायला गेलात, तर ‘कॉटनसारखं लागतं’ एवढ्यावर जाऊ नका. ‘शंभर टक्के पॉलिस्टर आहे का?’ हे स्पष्ट विचारा. जर्सीसाठी डॉट निट नावाचं पॉलिस्टरचं कापड बहुतेक ठिकाणी मिळतं. शंका असेल तर कडेचा एक धागा घरी आणून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाशी कडक काळा मणी धरतं. मिश्र कापडात फक्त पॉलिस्टरचे धागे रंग धरतात. ६५ टक्के पॉलिस्टर असेल तर चित्र धुतल्यावर जुनं झाल्यासारखं विटकं दिसतं. काहींना तेच हवं असतं, पण मग ते ठरवून करावं. लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा, मिसळलेला असेल तर उष्णता बेताची ठेवावी लागते. रेशीम आणि लोकर यांच्या वाटेला जाऊच नये. लहान मुलांच्या अंगड्यांसाठी मी आजही सुती कापडच घेईन, फक्त त्यावर स्क्रीन प्रिंटिंग करेन.

कापडाचा रंगही महत्त्वाचा. हे रंग पारदर्शक असतात आणि त्यांत पांढरी शाई नसते. चित्रातला पांढरा भाग म्हणजे कापडाचाच पांढरा. पिवळ्या कापडावर निळं छापलं तर हिरवं दिसणार, काळ्यावर काहीच नाही.

चिनी मातीच्या मगवर किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरही ही छपाई होते, पण त्यावर पॉलिमरचा थर दिलेला असावा लागतो. साध्या मगवर रंग टिकत नाही.

आणि आपला मुंबईचा पाऊस. पॉलिस्टर स्वतः अर्धा टक्कासुद्धा ओलावा धरत नाही, पण कागद सहज दमट होतो. प्रेसखाली त्या ओलाव्याची वाफ झाली की रंगात डाग पडतात. म्हणून श्रावणात कागद बंद पिशवीत ठेवतात आणि कापड आधी पाच-दहा सेकंद कोरडंच दाबून घेतात.

यंदा पथकाचे टी-शर्ट डॉट निटचे केले. शिवलेला टी-शर्ट छापला तर काखेतल्या चुणीत पांढऱ्या रेघा राहतात, म्हणून पुढचा भाग, पाठ, बाह्या सुट्या छापून मग शिवल्या. शिवताना मास्तरांनी दोरा सुती नाही, पॉलिस्टरचाच घेतला. मोरपीस खांद्यावरून पाठीपर्यंत सलग गेलंय आणि आईने आतापर्यंत सहा वेळा धुतलंय.