भातानंतरचा वाल आणि मातीतली कीड

दिवाळीनंतर मुरबाड-शहापूरकडे भात कापून झालं की एका खाचरात धसकटं तशीच उभी दिसतात, शेजारच्यात नांगर फिरवून वाल टाकलेला असतो. धसकट उपटून उभं चिरा. बुंध्याशी कधीकधी पिवळट अळी सापडते. हा खोडकिडा. तिथेच पडून राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात पाखरू होऊन लावणीवर येतो. नांगरलेल्या शेतात त्याचं घरच उलथलेलं असतं.

खरं तर वाल पेरणाऱ्या जुन्या माणसांच्या हिशेबात कीड नव्हती. जमिनीतली ओल वाया जाऊ नये आणि थंडीत पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, लागावी, एवढंच. किडीचं काम राबावर सोडलेलं. शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून उन्हाळ्यात जाळलं की रोपांच्या जागेतलं तणाचं बी आणि वरच्या थरातली कीड भाजून निघे. या राबासाठी झाडांच्या फांद्या छाटायला इंग्रजांच्या जंगल खात्याने आडकाठी केली, तेव्हा ठाणे-कुलाब्यात (कुलाबा म्हणजे आताचा रायगड जिल्हा) इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला.

पुढे कीटकनाशकांचे डबे आणि पुड्या आल्या. त्यात बीएचसी पावडर स्वस्त होती. तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली. हुमणी, म्हणजे मुळं खाणारी मातीतली अळी, आणि खोडकिडा यांच्यासाठी फोरेटचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी थिमेटचे, दाणे टाकायची सवय मात्र टिकली. २०२० संपताना तेही बंद झाले, आणि पिकांच्या फेरपालटाची, म्हणजे एका पिकामागून वेगळं पीक घेण्याची, आठवण पुन्हा निघाली.

पण फेरपालट म्हणजे नुसतं पीक बदलणं नव्हे. हुमणीला कुठलीही मुळं चालतात. तिला नांगरामागे चालणारे बगळेच भारी. सूत्रकृमीचं, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंताचं, त्याहून अवघड. भाताच्या साचलेल्या पाण्यात भाजीपाल्याचा सूत्रकृमी मागे हटतो, पण थंडीत भेंडी लावली की पुन्हा डोकं वर काढतो. भेंडी त्याचं आवडतं खाणं. तिच्या जागी वाल घेतला तरी सुटका नाही, तोही त्याला चालतो. वाल उपटून मूळ बघावं: हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ती सुटत नाही, मूळ तुटतं. या दोन गाठींत गल्लत झाली की शेतकरी रोगालाच खत समजून बसतो.

इथे झेंडू कामाला येतो. त्याच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं, ते सूत्रकृमीला मारक. मात्र बांधावर चार झाडं लावून भागत नाही. सबंध तुकड्यात दोन-तीन महिने दाट उभा हवा. भातानंतर झेंडू घेणाऱ्यांना विचारा, ते सूत्रकृमीचं नाव काढणार नाहीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कल्याणच्या फुलबाजारात काय भाव मिळाला, ते सांगतील.