पोटातला जंतू गेला, वजन का वाढलं?

एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवरचा औषधांचा १४ दिवसांचा कोर्स पूर्ण केलेल्या अनेकांचा अनुभव सारखा असतो: जळजळ थांबते, भूक सुधारते आणि काही महिन्यांत पॅन्ट कमरेला घट्ट होते. यातून दोन टोकाचे समज तयार झाले आहेत. एक म्हणजे ‘औषधांनी लठ्ठ केलं’ आणि दुसरा म्हणजे ‘जंतू असला तर बारीक राहता येतं’. जंतूचा वजनाशी संबंध खरोखरच आहे, पण तो बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे.

आधी जंतूची ओळख. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पिळदार आकाराचा जिवाणू जठराच्या अस्तरावरच्या चिकट थरात राहतो. त्याच्याजवळ युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. जठररसातल्या युरियाचं ते अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करतं. अमोनियामुळे आजूबाजूचं आम्ल मवाळ पडतं आणि जंतूचा निभाव लागतो. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना तो १९८२ साली प्रयोगशाळेत वाढवता आला. त्यासाठी ईस्टरची सुट्टी कामी आली, कारण त्या सुट्टीमुळे जंतू वाढवायच्या थाळ्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि हा जंतू सावकाश वाढणारा आहे. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. लागण बहुधा लहानपणी, घरातल्याच कुणाकडून होते आणि उपचार केले नाहीत तर सहसा आयुष्यभर टिकते.

आता वजनाकडे वळू. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली जपानमध्ये सापडलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या, फुगीर भागातल्या पेशींत तयार होतं. जेवणाआधी त्याची रक्तातली पातळी चढते, जेवल्यावर उतरते. वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह शस्त्रक्रिया करतात तेव्हा नेमका हाच भाग कापून काढतात, आणि त्यानंतर भूक मंदावते त्याचं एक कारण घ्रेलिन घटणं हे मानलं जातं. एच. पायलोरीची सूज जठराच्या या वरच्या भागात वर्षानुवर्षं राहिली की तिथलं अस्तर झिजतं आणि घ्रेलिन बनवणाऱ्या पेशीही कमी होतात. शिवाय तृप्तीची जाणीव देणारं लेप्टिन थोड्या प्रमाणात जठरातही बनतं. जपानी संशोधकांना ते लागण झालेल्या अस्तरात जास्त आणि उपचारानंतर कमी आढळलं. भूक लावणारं कमी, भागवणारं जास्त, असा हा मामला.

कागदावर हे चोख दिसतं, पण प्रत्यक्षात गुंता आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासात १० जणांचं घ्रेलिन उपचारानंतर वाढलं, तर नंतरच्या एका जपानी अभ्यासात रक्तातलं घ्रेलिन चक्क घटलं. सूज जठराच्या कोणत्या भागात आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं. खालच्या भागात असेल तर आम्ल वाढतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होण्याकडे कल असतो. वरच्या भागात पसरली तर आम्ल आणि घ्रेलिन दोन्ही कमी होतात. ‘पायलोरी पॉझिटिव्ह’ असा एकच शिक्का बसलेल्या दोन माणसांची जठरं म्हणूनच वेगवेगळी वागू शकतात.

अशा वेळी सर्वांत उपयोगी ठरते ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून घेतलेली चाचणी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात २० ते ५९ वयाच्या १०,५३७ लोकांची हा जंतू ओळखणारी श्वासचाचणी झाली. लागण असलेल्यांपैकी १,५५८ जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन आणि बिस्मथयुक्त औषध दिलं, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. सहा महिन्यांनी उपचार घेतलेल्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ०.२ ने जास्त वाढला होता. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी हा फरक जेमतेम अर्धा किलोचा. हिशेब केला तर रोजच्या जेमतेम २० कॅलरी, म्हणजे साधारण एक मारी बिस्कीट.

पण सरासरीच्या पोटात एक महत्त्वाचा आकडा दडलेला आहे. ३ किलो किंवा त्याहून जास्त वजन वाढलेले लोक उपचारगटात १९ टक्के होते, दुसऱ्या गटात १३ टक्के. म्हणजे बहुतेकांना काहीच जाणवत नाही, मात्र दर शंभरात सहा-एक लोक जादा असे निघतात ज्यांचं वजन डोळ्यांत भरण्याइतकं वाढतं. सहा महिन्यांत ३ किलो म्हणजे दिवसाला तूप लावलेली एक जास्तीची पोळी. ती पोटात जाते कशी, हेही या चाचणीत दिसतं: अपचनाची तक्रार उपचारगटात कमी राहिली. ज्याला वर्षानुवर्षं जेवल्यावर पोट फुगायचं, जळजळायचं, तो माणूस रात्री अर्धी भाकरी सोडून उठत असतो. त्रास थांबला की तीच अर्धी भाकरी परत पानात येते. माझ्या मते संप्रेरकांपेक्षा हे साधं कारण जास्त वजनदार आहे. अँटिबायोटिक्समुळे आतड्यातले इतर जिवाणूही बदलतात, त्याचा वाटा वेगळा काढणं मात्र या चाचणीला शक्य नव्हतं, कारण दुसऱ्या गटाला अँटिबायोटिक मिळालंच नव्हतं.

मग जंतू असलेले लोक सरसकट बारीक असतात का? नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या सुमारे ७,००० प्रौढांच्या माहितीत लागण आणि जास्त वजन यांचा संबंध सापडला नाही. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत मार्टिन ब्लेझरही होते. हा जंतू नाहीसा होण्याचा लठ्ठपणाशी संबंध असावा, ही कल्पना हिरिरीने मांडणारे तेच. काही देशांतल्या पाहण्यांत तर लागण झालेलेच अधिक लठ्ठ निघाले. दाटीवाटीची घरं, अस्वच्छ पाणी आणि गरिबी यांनी लागणही वाढते आणि आहारही बदलतो. ते धागे सोडवल्याशिवाय अशा तुलनेवर विसंबता येत नाही.

आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू आहे. त्यामुळे ‘बारीक राहण्यासाठी असू दे’ हा विचार करणारे भेटतात. तो धोक्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच या जंतूला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. शिवाय अस्तर झिजल्यावर बी-१२ आणि लोह नीट शोषलं जात नाही. शाकाहारी आणि त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. दुसरीकडे, तक्रार नसताना केवळ वजन वाढावं म्हणून कोर्स करणंही चूक. अर्ध्या किलोसाठी दोन-तीन अँटिबायोटिक्स कुणी घेऊ नयेत.

जंतू आहे का हे तपासताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे. सकाळी उपाशीपोटी ही गोळी घेणं कित्येक घरांत चहाइतकं रुळलं आहे. तिने जंतूची संख्या दबते आणि श्वासाची किंवा शौचाची चाचणी खोटी निगेटिव्ह येते. म्हणून डॉक्टरांना विचारून ही गोळी चाचणीआधी दोन आठवडे, अँटिबायोटिक आणि बिस्मथ चार आठवडे बंद ठेवावं लागतं. रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी कोर्सनंतर उपयोगाची नाही, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. जंतू गेला की नाही, हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाने किंवा शौचाने तपासायचं.

कोर्स फसतो तो मुख्यतः दोन कारणांनी: मधेच सोडल्यामुळे आणि प्रतिरोधामुळे. भारतात मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जंतू खूप आहेत, क्लॅरिथ्रोमायसिनलाही वाढत चालले आहेत. तोंडाला धातूसारखी चव येणं किंवा बिस्मथमुळे शौच काळी होणं, यांना घाबरून गोळ्या थांबवू नयेत. आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू बंद.

कोर्स सुरू करायच्या दिवशी वजन लिहून ठेवा आणि पुढे सहा महिने महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी पोट साफ झाल्यावर बघा. दीड-दोन किलो वाढताच रात्रीचं जेवण तपासून घ्या, कारण कंबर वाढली की आम्ल पुन्हा घशाशी यायला लागतं आणि लोक जंतू परत आला समजून दुसरा कोर्स मागतात. आधीच बारीक असलेल्याचं वजन वाढत असेल तर ते चांगलंच आहे. पण प्रयत्न न करता वजन घटत असेल, घास अडकत असेल, काळी डांबरासारखी शौच होत असेल किंवा तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं असेल, तर श्वासचाचणीवर थांबू नका, वेळ न घालवता एंडोस्कोपी करून घ्या.