स्किड : अर्भकातील निदान

संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जन्मतःच नसणे किंवा नावापुरत्याच असणे, अशा आनुवंशिक विकारांच्या गटाचे नाव तीव्र संयुक्त प्रतिकारक्षमता न्यूनता. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘स्किड’. टी पेशींवाचून प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवणाऱ्या बी पेशीही नीट काम करत नाहीत, म्हणून ‘संयुक्त’. अमेरिकेतील नवजात तपासणीत सुमारे 58,000 जन्मांमागे एक बाळ असे सापडले.

बाळ जन्मतः धडधाकट दिसते. पुढे तोंडातला पांढरा थर औषधाने जात नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन अडते, न्यूमोनिया होतो. भारतात आणखी एक खूण दिसते. बीसीजी ही जिवंत लस जन्मताच डाव्या दंडावर टोचतात; स्किडच्या बाळात ती जागा चिघळते, काखेत गाठ येते आणि लशीतला जंतू अंगभर पसरू शकतो.

निदानाचा पहिला धागा मात्र साध्या सीबीसीतच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतच असतो. समजा, दर मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी 6,000, त्यांत लिम्फोसाइट (टी, बी आणि एनके पेशी मिळून) 20 टक्के, म्हणजे एकूण लिम्फोसाइट 1,200. मोठ्या माणसाला हे चालून जाते. तान्ह्या बाळात 3,000च्या खालचा आकडा संशयास्पद. रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असली, तर हा आकडा बिनदिक्कत ‘नॉर्मल’ ठरतो. आयजीजी या प्रतिपिंडाची तपासणीही फसवते, कारण सुरुवातीची आयजीजी आईची असते. छातीच्या एक्स-रेत थायमसची (टी पेशी जिथे तयार होतात त्या ग्रंथीची) सावली नसणे, आईचा भाऊ तान्हेपणी दगावलेला असणे, हे पुढचे दुवे.

खात्री फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या मोजणाऱ्या तपासणीने होते. टी आणि एनके पेशी नाहीत पण बी आहेत, असे मुलग्यात दिसले तर एक्स गुणसूत्रावरील आयएल2आरजी जनुकाचा संशय; तिन्ही नसल्या तर एडीए या विकराची (एन्झाइमची) कमतरता तपासतात. कधी आईच्या टी पेशी बाळात शिरून आकडा फुगवतात, म्हणून ‘नव्या’ टी पेशी वेगळ्या मोजाव्या लागतात. मुंबईत परळच्या केईएम आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत या तपासण्यांचे काम चालते.

टाचेच्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यात ‘ट्रेक’ (नव्या टी पेशी घडताना उरणारे डीएनएचे छोटे वलय) मोजून लक्षणांआधीच संशयित बाळ ओळखता येते. विस्कॉन्सिनने हे 2008मध्ये सुरू केले. 2018अखेर अमेरिकेतील सर्व राज्ये त्यात आली. घाई कशासाठी, ते उत्तर अमेरिकेतील 2000 ते 2009च्या मूलपेशी प्रत्यारोपणांतून (स्किडवरच्या उपचारातून) कळते: साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 94 टक्के मुले पाच वर्षांनंतर हयात होती, संसर्ग चालू असताना उशिरा झालेल्यांत निम्मीच.

संशय येताच जिवंत लशी थांबवतात आणि रक्त द्यायचे तर किरणोत्सर्ग दिलेलेच देतात. त्याच घरात पुढचे बाळ जन्मले, तर तपासणीचा निकाल येईपर्यंत त्याचीही बीसीजी रोखून धरतात.